ऊनदऱ्यावरची अंघोळ

कारळवाडीला त्या साली खरूज आली. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. आड आटले, विहिरींच्या तळाला भेगा पडल्या, गुरं चारा छावणीला गेली आणि माणसं पंधरा-पंधरा दिवस अंगावर पाणी न घेता राहू लागली. प्यायलाच नाही तिथं अंघोळीचं नाव कोण काढतो? आधी वेशीजवळच्या दोन घरांतली लेकरं बोटांच्या बेचक्यात खाजवायला लागली आणि महिन्याभरात सगळं गावच खाजवायला लागलं. देवळाच्या पारावर बसलेली म्हातारी माणसं बोलता बोलता पाठ खांबाला घासायची. केजहून नर्सबाई आली. तिनं घरोघर औषधाच्या बाटल्या दिल्या आणि सांगितलं, "हे लावायच्या आधी गरम पाण्यानं चांगली अंघोळ करा. अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळं उकळत्या पाण्यातून काढा."

बायांनी एकमेकींच्या तोंडाकडं बघितलं. एकजण हसली. नर्सबाईलाही आपण काय बोललो ते कळलं असावं. ती बाटल्या मोजून ठेवून खाली मान घालून गेली.

तेव्हा धनगराची मंजुळाबाई म्हणाली, "ऊनदऱ्याला चला की. तितं काय पाण्याला तोटा हाय का?"

ऊनदरा म्हणजे बालाघाटच्या डोंगरातली एक अरुंद घळ. तिथं काळ्या खडकाच्या भेगेतून बाराही महिने कढत पाणी येतं. गंधकाचा वास मारतं, म्हणून पिता येत नाही, पण कातडीच्या रोगावर त्या पाण्यासारखं औषध नाही असं जुनी माणसं सांगायची. शाळेतले गुरुजी म्हणायचे, हे डोंगर म्हणजे जमिनीच्या पोटातून उकळत वर आलेल्या रसाचे थिजलेले थर आहेत आणि त्या पोटात अजून कुठं कुठं ऊब शिल्लक आहे. मंजुळाबाईच्या मते खाली देवीची चूल होती. मेंढरं घेऊन ती लहानपणापासून तिकडं हिंडलेली, त्यामुळं वाट तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

मुक्ताबाईनं हा बेत उचलून धरला. तिनं उचलला म्हणजे होणारच, कारण मुक्ताबाई गावातल्या बायांच्या दूध संस्थेची चेअरमन होती. नावापुरती नव्हे. सात वर्षांपूर्वी घरोघर हिंडून, सासवांशी भांडून, नवऱ्यांच्या विनवण्या करून तिनं चाळीस बाया गोळा केल्या होत्या. म्हणून तर टँकर सुरू झाला तेव्हा ग्रामसभेत माणसंच म्हणाली, की वाटप गड्यांच्या हातात दिलं तर डोकी फुटतील, बायांच्या संस्थेकडं द्या. मुक्ताबाईनं नियम घातला: घरटी चार घागरी, दिवसाआड, मग तो बागायतदार असो की सालगडी. पहिल्या दिवशी ती स्वतः चार घागरी घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा एका म्हाताऱ्यानं तिला हात जोडले होते.

मात्र चौकात यायच्या आधी टँकर तिच्या घरामागं थांबायचा. सुरुवातीला त्याचं कारण खरं होतं. संस्थेची खोली तिच्याच आवारात होती आणि दुधाचे कॅन धुवायला दोनशे लिटर पाणी लागायचं. ते मागच्या हौदात उतरवून घेत. पुढं गुरं छावणीला गेली, दूध आटलं, कॅन कोपऱ्यात पालथे पडले. पाइप मात्र हौदात पडतच राहिला. दोनशेचे पाचशे झाले, पाचशेचे हजार. तिचा नवरा अर्जुनराव तालुक्याच्या राजकारणात मुरलेला माणूस. तो म्हणाला, "चेअरमनच्या घरी चार माणसं येत्यात. त्यांला काय कोरडा चहा पाजायचा?" पहिल्या दिवशी मुक्ताबाई चार शब्द बोलली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी न्हाणीत जाऊन तिनं केस धुतले.

त्यानंतर रांगेत जाताना ती मुद्दाम विटकं लुगडं नेसायची आणि केसांना जरा जास्तच तेल चोपडायची.

आणखी एक गोष्ट घडली होती. पंधरा दिवसांपूर्वी छबुबाई चार घागरी घरी ठेवून, पदर पुढं ओढून पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली. तिची पाचवी घागर भरून झाली तेव्हा मुक्ताबाईनं तिला ओळखलं.

"छबुबाई, तुमची पाळी झाली की."

"एकच घागर, ताई. नड हाय."

"नड कुणाला न्हाई?" मुक्ताबाई म्हणाली. तिनं घागर छबुबाईच्या हातातून घेतली आणि सगळ्यांदेखत पुढच्या बाईच्या घागरीत ओतली. "ही चोरी हाय, छबुबाई. दुसऱ्याच्या तोंडचं पाणी हाय हे."

रांगेनं माना डोलावल्या. छबुबाई रिकामी घागर काखेला मारून निघून गेली. आपण न्यायानं वागलो असं मुक्ताबाईला त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं होतं. घरी येऊन तिनं ऐन उन्हाचं आलेय म्हणून हातपाय धुतले.

ऊनदऱ्याला जायला अकरा बाया निघाल्या. चैत्र संपत आला होता. उजाडायच्या आत जीप निघाली आणि तिनं सगळ्यांना डोंगराच्या पायथ्याशी, म्हसोबाच्या शेंदरी दगडापाशी सोडलं. तिथून पुढं पायवाट. मंजुळाबाई काठी टेकत सगळ्यांच्या पुढं होती आणि सत्तरीच्या पुढची असूनही तिच्यामागं चालताना बाकीच्यांना धाप लागत होती. प्रत्येकीजवळ पाण्याची एक बाटली, फडक्यात बांधलेले मूठ-मूठ तांदूळ आणि धुवायच्या कपड्यांचं गाठोडं. मुक्ताबाईच्या शेजारची अजमतबीही आली होती. तिच्या आणि मुक्ताबाईच्या घरामध्ये एकच भिंत. तिचा मुलगा शफी टँकरवर ड्रायव्हर होता. गावात तिला सगळे 'बी' म्हणत.

वाट कोरड्या ओढ्यातून होती. दोन्ही बाजूंनी निष्पर्ण सालई, मधेच एखादं खैराचं झाड. दगड सकाळीच तापायला लागले होते. तरी बाया खुशीत होत्या. किती दिवसांनी घराबाहेर पडल्या होत्या! एक म्हणाली, "मी तर अशी न्हाणार, अशी न्हाणार, की घरी गेल्यावर माझं मालक वळखणारच न्हाई." दुसरी म्हणाली, "कावून? आधी तरी कुठं वळखतोय?" हसण्याचा आवाज घळीत घुमला.

मुक्ताबाईही हसत होती. हे आपण घडवून आणलं याचं तिला बरं वाटत होतं. तिचं लक्ष फक्त एकदाच विचलित झालं. छबुबाई पुढं चालत होती आणि चालता चालता दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घासत होती. तिच्या मनगटांपर्यंत पुटकुळ्या चढल्या होत्या, काही फुटून त्यांवर खपल्या धरल्या होत्या. निघाल्यापासून ती मुक्ताबाईशी बोलली नव्हती. बोलली नव्हती म्हणजे रुसली होती असंही नाही. विचारलं तर "व्हय ताई", "न्हाई ताई" एवढंच.

दीड-दोन तासांनी वास आला. काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो तसा. घळ वळली आणि समोर वाफ दिसली.

सगळ्याजणी थबकल्या. वर आभाळ निळं कोरडं, आजूबाजूला पान नाही, आणि मधेच काळ्या खडकातून पांढरी वाफ निवांत वर चाललेली. खडकाच्या उभ्या भेगेतून पाणी गुडगुड आवाज करत बाहेर पडत होतं. जिथून ते वाहत होतं तिथला दगड पिवळा, केशरी, मधेच शेवाळी हिरवा झाला होता आणि कडेनं मिठासारखी पांढरी खपली जमली होती.

"त्या पांढऱ्यावर पाय देऊ नका गं," मंजुळाबाई ओरडली. "वरून वाळल्यालं दिसतंय, आत कढतंय. माझ्या म्हाळू दिराचा बैल घोट्यापातूर भाजला व्हता हितं."

वरच्या कुंडात हात घालायची सोय नव्हती. बायांनी तांदळाची पुरचुंडी दोरीला बांधून त्यात सोडली. तिथून पाणी तीन टप्प्यांनी खाली उतरत होतं आणि प्रत्येक टप्प्याला थोडं निवत होतं. मधल्या टप्प्यावर कपडे धुवायचे, खालच्या टप्प्यावर न्हायचं, अशी जुनी वहिवाट होती. मंजुळाबाईनं खालच्या कुंडात हळद-कुंकू टाकलं आणि आधी स्वतः पाऊल घातलं. "अगं आईऽऽ" म्हणून तिनं डोळे मिटले.

मग काय विचारता! बाया लुगड्यांसकट पाण्यात शिरल्या. काही जणी पाणी पहिल्यांदा डोक्यावर ओतून घेतानाच रडायला लागल्या आणि आपण का रडतोय हे त्यांना सांगता येईना. भाजतंय, झोंबतंय, पण कुणी बाहेर निघेना. अजमतबी परकर छातीला बांधून कडेच्या दगडावर बसली आणि तांब्यानं अंगावर पाणी घेत "या अल्ला, या अल्ला" म्हणत राहिली.

मुक्ताबाई काठावर उभी राहून मोबाइलवर फोटो काढत होती. वाफेचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे. तालुक्याच्या पेपरात बातमी द्यावी असं तिच्या मनात होतं.

"ताई, तुमी बी या की!"

"मी बसते. माझं काय एवढं न्हाई."

"कावून एवढं न्हाई? आमी काय एकट्याच घाण हाव का?" सगळ्या हसल्या. एकीनं तिचा पाय धरून ओढला. न उतरणं आता जास्तच दिसलं असतं. मुक्ताबाई मोबाइल दगडावर ठेवून पाण्यात उतरली.

पाठी चोळायच्या जोड्या आधीच जमल्या होत्या. घोसाळ्याच्या वाळल्या जाळ्या या हातातून त्या हातात फिरत होत्या आणि पाठींवरून मळाच्या काळ्या वळ्या सुटून पाण्यात पडत होत्या. बाया आपापला मळ बघून खो-खो हसत होत्या. "हे बघ, हे बघ, पार शिमग्यापासूनचं!" एकटी राहिली होती ती छबुबाई. तिनं जाळी हातात घेतली.

"बसा ताई. मी चोळते."

"ऱ्हाऊ द्या, छबुबाई. तुमच्या हाताला तरास व्हईल."

"माझ्या हाताची खरूज लागंल म्हणता?"

"तसं न्हाई वं..."

"मग बसा."

मुक्ताबाई पाठ करून बसली. छबुबाईनं तिचा शेपटा उचलून खांद्यावरून पुढं टाकला आणि चोळायला लागली. मानेपासून कमरेपर्यंत, लेकराला चोळावं तशी, मन लावून. एकदा चोळलं. पाणी ओतलं. पुन्हा चोळलं. मग तिचा हात थांबला.

"ताई, मळ कसा निघंना वं तुमचा?"

तिनं हे अगदी साधेपणानं विचारलं होतं. कुणीतरी लगेच म्हणालं, "चेअरमनबाईला मळ बी भेतोय!" पुन्हा हशा पिकला. पण तो सगळीकडं पोचला नाही. मधेच विरला. दोघी-तिघींनी वळून मुक्ताबाईच्या पाठीकडं पाहिलं. मग खांद्याकडं, हातांच्या बेचक्यांकडं. तिथं एकही पुटकुळी नव्हती. सगळ्या पाठी लाल, ओरखडलेल्या, आणि ही एक पाठ तुळतुळीत.

मुक्ताबाईच्या कानशिलांत रक्त चढलं. पाणी कढत होतं म्हणून ते कुणाला दिसलं नसावं. ती बोलून गेली, "मी लिंबाचा पाला उकळते. त्या पाण्यात फडकं भिजवून रोज अंग पुसते. त्यानं मळ बी धरत न्हाई नि खरूज बी व्हत न्हाई."

"फडक्यानं?" छबुबाईनं विचारलं.

"व्हय. तांब्याभर पाण्यात व्हतंय."

शेपटा छबुबाईच्या हाताला लागला होता. वरून तेलकट, पण आत, मुळाशी, मोकळा, शिकेकाईचा वास येणारा. एवढ्या जवळ बसलेल्या बाईला तो वास आला नसेल असं म्हणायला मुक्ताबाईची जीभ कुणापुढंही वळली नसती.

पलीकडून एक तरणी बाई कळवळून म्हणाली, "मग आदी सांगायचं न्हाई का, ताई! माजी दोन लेकरं रातभर खाजवून रगात काढत्यात. तांब्याभर पानी तर मी कुठून बी केलं असतं. लिंब तर दारातच हाय."

मुक्ताबाईनं तोंडावर पाणी मारून घेतलं.

"घ्या, न्हाऊन घ्या," छबुबाई म्हणाली. तिनं मुक्ताबाईच्या डोक्यावर तीन तांबे ओतले, शांतपणे, एकामागून एक, जसं कर्तव्य उरकावं. मग जाळी दगडावर ठेवून ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

वरच्या कुंडातला भात शिजला होता. गंधकाचा थोडा वास होता, पण मीठ-मिरचीबरोबर सगळ्यांनी खाल्ला. मुक्ताबाईनं आपल्या वाटचा घास घोळवला, गिळला. कुणी तिला टोमणा मारला नाही. उलट एकीनं लोणच्याची फोड तिच्या पानावर ठेवली. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं.

उतरताना ती मागं रेंगाळली. अजमतबीचे गुडघे दुखत होते म्हणून तीही मागंच होती.

"लिंबाचा पाला," बी म्हणाली.

मुक्ताबाई खाली बघत चालत राहिली.

"अगे मुक्ता, माझी मागली भिंत तुझ्या हौदाला लागून हाय. पानी पडाया लागलं की माझ्या मांडणीवरची भांडी थरथरत्यात. सकाळी सहाला. मला घड्याळ लागत न्हाई."

"मग तुमी बोलला का न्हाई, बी?"

"पाइप कोन लावतंय? माझाच शफी. तुझा मालक सांगतोय, त्यो लावतोय. त्याची रोजी हाय ती. म्हून मी तोंडाला कुलूप लावलं." बी थांबली, गुडघा चोळला. "तवा तुला नावं ठेवायला मी काय लई पाक न्हाई. मी बी त्याच पाण्यात हाय."

थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, "छबूची पाचवी घागर कशाची व्हती, ठावं हाय का तुला?"

"न्हाई."

"सून बाळंत झालती. पाचवा दिस. मायलेकरांला न्हाऊ घालायचं व्हतं. तू घागर ओतलीस, तवा ती माझ्या दारात आली. माझ्याजवळ तांब्याभर व्हतं, ते दिलं. त्यात फडकं भिजवलं नि लेकरू पुसलं तिनं. बाळंतीन तशीच ऱ्हायली."

मुक्ताबाई वाटेतच खाली बसली. दगड तापलेला होता, ते तिला उठल्यावर कळलं. तांब्याभर पाणी आणि फडकं. तिनं ज्या खोट्याचा आधार घेतला होता ते छबुबाईच्या घरी खरंखुरं घडलेलं होतं, आणि तिनं ते छबुबाईच्याच तोंडावर, तिच्याकडून पाठ चोळून घेता घेता फेकलं होतं.

"ऊठ," बी म्हणाली. "जीप थांबायची न्हाई."

दिवेलागणीला ती घरी पोचली. अर्जुनराव ओसरीवर फोन घेऊन बसला होता. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, "उद्या टँकर मागं थांबणार न्हाई."

"का? कुणी काय म्हनलं का?"

"न्हाई. कुणीच काय म्हनलं न्हाई."

"मग झालं तर. लोक बोलत न्हाईत तवर काय झाल्यालं नसतंय." तो हसला. "आन् आता बोंब करशील तर संस्था हातची जाईल, पुढल्या वर्साची निवडणूक जाईल. लोकांला पानी नको असतंय, निमित्त पायजे असतंय."

"त्यांला पानी पायजे असतंय," ती म्हणाली आणि आत गेली.

सकाळी सहाला ती हौदाजवळ उभी होती. शफीनं टँकर लावला, उतरला आणि सवयीनं पाइप सोडायला लागला.

"शफी, आज हितं न्हाई. सरळ चौकात घे."

शफीनं घराच्या खिडकीकडं बघितलं. "मालक..."

"संस्थेची चेअरमन कोन हाय?"

शफीनं पाइप पुन्हा गुंडाळला. तो टँकरमध्ये चढला तेव्हा मुक्ताबाई त्याच्याशेजारी बसली. चौकात रांग लागलेली होती. नेहमीपेक्षा टँकर लवकर आला म्हणून बायांना नवल वाटलं.

तिनं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी खाली उतरताच विसरली. ती म्हणाली, "आमच्या मागल्या हौदात पानी हाय. ते तुमचं हाय. टँकर हितं यायच्या आदी तितं थांबायचा. कॅन धुवायच्या नावानं घेतलं, कॅन बंद पडल्यावर बी घेतलं. अडीच महिनं झालं. मी त्यानं न्हाले. लिंबाचा पाला मी कधी उकळला न्हाई. शफीला कुणी बोलू नका. चेअरमन मी हाय."

कुणी ओरडलं नाही. तिला वाटत होतं शिव्या पडतील, कुणी अंगावर येईल, आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. पण रांग नुसती तिच्याकडं बघत राहिली. मग पुढच्या एकीनं घागर उचलली आणि मुक्ताबाईच्या घराची वाट धरली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. हौदावरचं झाकण बाजूला झालं. एकजण बादलीनं उपसत होती, बाकीच्या घागरी पुढं करत होत्या. भरलं की निघत होत्या. अर्जुनरावानं घराची दारं आतून लावून घेतली होती.

छबुबाई शेवटी आली. तिनं हौदात वाकून बघितलं, मग मुक्ताबाईकडं.

"त्या दिवशी ह्यात पानी व्हतं?"

"व्हतं."

"किती?"

मुक्ताबाईला खोटं बोलायची सवय लागली होती, हे तिला तेव्हा कळलं. अर्धा हौद म्हणावं असं ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. "काठोकाठ."

"बरं," छबुबाई म्हणाली. तिनं घागर भरून घेतली, चुंबळ नीट केली आणि गेली.

आठवड्यानं संस्थेची सभा झाली. मुक्ताबाईनं राजीनामा पुढं ठेवला. दोघी-तिघी म्हणाल्या, कबूल केलं ना तिनं, मग ऱ्हाऊ द्या की. बाकीच्या गप्प राहिल्या आणि त्या गप्पपणातच निकाल होता. संस्थेतलीच गीताबाई चेअरमन झाली. संस्थेची खोली शाळेच्या आवारात हलली. शफीची नोकरी टिकली. अर्जुनराव बायकोशी महिनाभर बोलला नाही. लोक समोरून आले तर मुक्ताबाईच रस्ता बदलायची. चार घागरींत घर चालवताना तिला पहिल्यांदा कळलं, की पाणी कमी पडतं तेव्हा सगळ्यात आधी हात धुणं सुटतं.

खरजेला एका अंघोळीनं गुण येत नाही. पंधरा दिवसांनी बाया पुन्हा ऊनदऱ्याला निघाल्या, यावेळी दोन जीपा करून. मुक्ताबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती दारात उभी होती. जीप समोरून जाताना अजमतबीनं ड्रायव्हरला थांबवलं. "येती का गं? जागा हाय." छबुबाई पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

"नको, बी," मुक्ताबाई म्हणाली. "तुमी जाऊन या. आज टँकरचा दिवस हाय. तुमच्या वाटच्या घागरी मी भरून ठेवते."

टँकर आला. गेलेल्या बायांची घरं सोळा. गीताबाईनं वहीत बघून नावं वाचली आणि मुक्ताबाईनं एकेक घर घेतलं. दोन घागरी डोक्यावर, एक काखेला. ऊन चढलं. मान आखडली. कुणाच्या घरी म्हाताऱ्यानं दार उघडलं, कुणाच्या घरी लेकरानं. छबुबाईचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं, आणि का ठेवलं होतं हेही तिला ठाऊक होतं.

सून दारात आली. कडेवर तान्हं. अशक्त, पिवळी पडलेली पोरगी, वीसेक वर्षांची. तिनं मुक्ताबाईला बघितलं आणि गडबडून गेली. पदर सावरला, लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"चार घागरी हायत तुमच्या," मुक्ताबाई म्हणाली. "कुठं ठेवू?"

पोरीनं रांजण दाखवला. मुक्ताबाईनं पाणी ओतलं आणि वळली. पोरगी काहीतरी बोलायचं असल्यासारखी उभी होती.

"काय गं?"

"आत्याबाईंनी जीपमधनं फोन करून सांगितलंय..." ती अडखळली. तिचे कान लाल झाले होते. "म्हनाल्या, पानी आनलं तर घ्यायचं. पर चहाचं इचारायचं न्हाई."

"बरोबर हाय," मुक्ताबाई म्हणाली.

तिनं रिकाम्या घागरी उचलल्या. चौथ्या घागरीची अजून एक खेप बाकी होती. चौकाकडं जाताना तिनं पदर पुढं ओढला, मग मागं सारला आणि तशीच उघड्या तोंडानं चालायला लागली.